दुसऱ्या टबातलं मीठ

हे लिहायला बसताना मी खोलीचं दार लावून घेतलंय. घरात कुणी नाही, तरीसुद्धा. तीन वर्षं ही गोष्ट माझ्या एकटीकडे आहे. दादाला माहीत नाही, पुण्यात आईला माहीत नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवी होती तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर मी हवापाण्यावर बोलले असते. ते मला छान जमतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी घरात बोलण्यापुरती. तरी हे मराठीतच लिहायचं ठरवलंय. इंग्रजीत मी फार नीटनेटकी होते, वाक्यं आपोआप माझी बाजू घ्यायला लागतात. आणि खोटं मी मराठीत बोलले होते.

थांबा. आधी कंपनीचं सांगावं लागेल. नाही तर तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं ही काय घेऊन बसली. मलाही काही दिवस तसंच वाटायचं — मी तसं वाटून घ्यायचे.

माझा भाऊ, दादा, फार्मासिस्ट. पुण्यात त्याच्या हाताखाली चार माणसं होती. इमिग्रेशनचे पॉइंट्स जमवून आम्ही न्यूझीलंडला, ऑकलंडला आलो, मनुरेवा उपनगरात घर भाड्याने घेतलं, आणि मग कळलं की इथली परीक्षा दिल्याशिवाय तो इथे फार्मासिस्ट नाही. तोवर एका फार्मसीत खोकी फोडायची, शाम्पू लावून ठेवायचे. घरी आला की तो बूट काढायला फार वेळ लावायचा. मला लवकर नोकरी मिळाली, एका क्लिनिकमध्ये, फायली लावायची. कुणाशी बोलावं लागत नव्हतं. मला ती नोकरी आवडायची.

कुमुदमावशी शहाण्णवच्या मार्चमध्ये आली. आईची मोठी बहीण. काका गेल्यापासून नाशिकला दिराच्या घरी राहायची. राहायची म्हणजे अकरा माणसांचा स्वयंपाक करायची आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत झोपायची. दादाने तिला हवापालट म्हणून तीन महिने बोलावलं. तिने आल्या आल्या आमच्या मागच्या अंगणात पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, ही फळं कुजतायत की रे! कुणी खात नाही का?"

फिजोआ. हिरवं, अंड्याएवढं फळ. मार्च ते मे इथे प्रत्येक झाडाखाली सडा पडतो. शेजारी पिशव्या भरभरून फाटकाशी ठेवून जातात, ऑफिसात बादल्या येतात, शेवटी लोक कंटाळून पायाने बाजूला सारतात. मावशीला ते पाहवेना. तिने पहिल्याच आठवड्यात लोणचं घातलं. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, तेल — सगळं आपलंच, फळ तेवढं परकं. दादाने एक बाटली फार्मसीत नेली. त्याच्या बॉसने ती बिस्किटांवर चीज ठेवून, वर हे लोणचं घालून, दोन दिवसांत संपवली आणि विचारलं, "व्हेअर डू यू बाय धिस?"

त्या रात्री दादाने बूट पटकन काढले.

परक्या माणसाने परदेशात कंपनी काढायची म्हणजे केवढं अवघड असेल, असं आम्हाला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. फॉर्म, नाव, पत्ता, डिरेक्टर कोण, सह्या. इंग्रजी माझं चांगलं, म्हणून फॉर्म मीच भरले. फोनही मीच करायचे. फोनवर माणूस दिसत नाही, त्यामुळे मला तिथे धीर यायचा. दादाचा एकच हट्ट होता: लोणचं मावशीचं, तर नाव मावशीचं आणि डिरेक्टरही मावशी. कुमुद प्रिझर्व्ज लिमिटेड. सर्टिफिकेट पोस्टाने आलं तेव्हा तिने ते देवापुढे ठेवून फूल वाहिलं आणि मला वाचायला लावलं. मग परत वाचायला लावलं.

"रेशनकार्डावरसुद्धा माझं नाव कधी पहिलं नव्हतं गं," ती म्हणाली.

कंपनीमुळे तिला थोड्या महिन्यांचा कामाचा परवाना मिळाला. कंपनी चालली तर तो वाढणार होता. नाही चालली तर नाशिक, तीच खोली, तेच अकरा जण. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मला माहीत होतं — हे मुद्दाम लिहून ठेवते. नंतर मला असं म्हणता येऊ नये की कल्पना नव्हती.

आता चाखण्याचं.

मावशी स्वयंपाक करताना चव घेत नाही. देवाला दाखवल्याशिवाय जीभ लावायची नाही, हा तिच्या आईचा नियम. लोणच्याला तर अजून कडक. आठ दिवस मुरलं की छोटी वाटी देवापुढे, आणि मगच माणसांची जीभ. नाशिकला पन्नास वर्षं तिचं काही अडलं नाही. मीठ हाताने कळायचं, बाकी नाकाने आणि डोळ्यांनी. पण इथे फळ नवीन, मीठ पिठासारखं बारीक, आणि माप एकदम टबाचं. "हाताला कळत नाहीये अजून," ती म्हणायची. मग कुणीतरी जीभ द्यायला हवी होती. दादा शनिवारी फार्मसीत. राहिले मी.

"हिला काय, हिला देवधर्म नाही. हिचं चालतं," मावशी हसून म्हणाली.

दादाने फार्मासिस्टच्या सवयीने प्रत्येक टबाचं कार्ड केलं होतं. तारीख, फळाचं वजन, कुठल्या बरण्या, आणि शेवटी एक रकाना: मीठ चाखलं, सही. तिथे माझी आद्याक्षरं. कंपनीत माझं काम हे एवढंच. फळ चिरायचं मावशीने, मसाला तिने, फोडणी तिने, बरण्या धुऊन, भरून, पुसून लेबलं लावायची तिने. मी एक बोट बुडवायचं आणि सही करायची.

आम्ही शनिवारी एका कम्युनिटी हॉलचं किचन घ्यायचो. हॉलची चावी मेरेकडे असायची. साठीची माओरी बाई, धिप्पाड, पायांत बारा महिने जॅंडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. तिला मराठी येत नव्हतं, मावशीला इंग्रजी नाही, आणि दोघी तासन्‌तास बोलायच्या. "किया ओरा, आंटी!" म्हणत ती दारातून यायची, आणि मावशी आतून ओरडायची, "किया ओरा गं बाई, चप्पल बाहेर काढ!" मेरे खरोखर काढायची. मी मध्ये उभी राहून भाषांतर करायला जायचे तेव्हा दोघी माझ्याकडे अशा बघायच्या, की मीच वाट अडवलीय.

मला ती कंपनी आवडत होती का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. मला वाटतं, घरात आवडत होती. घराबाहेर नाही.

एका सोमवारी क्लिनिकमध्ये मिशेलने — रिसेप्शनवरची, माझ्याच वयाची — खिडकी उघडली आणि हसत म्हणाली, "हू हॅड करी फॉर ब्रेकफास्ट?" तिच्या मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं. पण माझ्या नखांत हळद होती. हिंगाचा वास दोन आंघोळींनी जात नाही. मी दिवसभर हात फायलींखाली ठेवले. त्यानंतर दर शनिवारी मी लिंबाने हात घासायचे, बोटं सोलवटेपर्यंत. मग एक शनिवार असा आला की मी बोट बुडवलंच नाही. नुसती सही केली.

तर मी आत्तापर्यंत मनातल्या मनात हे सांगताना नेहमी म्हणायचे: एकदाच चुकलं. ते खरं नाही. ज्या शनिवारी खरा घोळ झाला, त्याच्या आधीचे तीन शनिवार मी न चाखता सही केली होती. तिन्ही वेळा मीठ बरोबर निघालं. मावशीच्या हाताला एव्हाना कळायला लागलं होतं. त्यामुळे मला वाटायला लागलं की माझ्या जिभेची गरजच नाही, हे आपलं तिच्या समाधानासाठी. बघा, किती सोयीचं.

मे महिन्यात हॅमिल्टनच्या एका डेलीने, म्हणजे चीज-लोणची विकणाऱ्या दुकानाने, मोठी ऑर्डर दिली. चार दुकानं होती त्यांची. मालकीण ग्लेनिस फोनवर माझ्याशीच बोलायची. ती म्हणाली, हे चाललं तर चारही दुकानांत कायमचं ठेवते. म्हणजे काय, ते दादाने मावशीला नीट समजावलं: परवाना. मावशीने त्या आठवड्यात दोनदा विचारलं, "हॅमिल्टन कुठल्या दिशेला?" आणि त्या दिशेला नमस्कार केला. आम्ही हसलो.

ऑर्डरचं लोणचं घालायचं त्याच शनिवारी मिशेलने मला घरी बोलावलं होतं. बॉटनी डाउन्सला तिच्या नवऱ्याने नवीन घर बांधलं होतं — तिकडे तेव्हा सगळीकडे मातीचे ढीग आणि नवी घरं — तर त्याचं बार्बेक्यू. दीड वर्षात मला कुणी पहिल्यांदा घरी बोलावलं होतं. मी पांढरा शर्ट इस्त्री करून हॉलवर नेला. सकाळी मावशीला थोडी मदत केली, हातमोजे घालून. दुपारी दोनला बाथरूममध्ये जाऊन हात, तोंड, मान सगळं धुतलं, शर्ट घातला, केस बांधले. बाहेर आले तेव्हा मी स्वतःलाच आवडले. हे फार क्वचित होतं.

दोन पांढरे टब होते. सकाळी फळ चिरून मीठ-हळद लावून ठेवायची, दुपारपर्यंत पाणी सुटतं, मग मसाला. मावशीने पहिल्या टबाला मीठ लावलं आणि दुसऱ्याला हळद लावत होती, तेवढ्यात मेरे फिजोआची आणखी एक बादली घेऊन आली. मग त्या दोघींचं सुरू झालं. मेरेच्या सुनेला मुलगा झाला होता. मावशीने हात धुतले, तिच्या गळ्यात पडली, तिला साखर खायला घातली. हे सगळं मी पाहिलं होतं. मावशी टबाकडे परत आली तेव्हा काय केलं, ते मी पाहिलं नव्हतं.

मी निघत होते. हातात पर्स. मावशीने हाक मारली.

"इकडे ये गं जरा. ह्या दुसऱ्याला पाणी कमी सुटलंय. मेरे आली तेव्हा मी... मीठ घातलं ना ह्याला? चाख बरं."

तिला कळलं होतं. हे तुमच्या लक्षात आलं का? तिच्या डोळ्यांनी तिला बरोबर सांगितलं होतं. परक्या देशात, परक्या फळावर, पन्नास वर्षांचा तो डोळा चुकला नव्हता. तिने फक्त माझी जीभ मागितली होती.

मी टबाशी गेले. तिच्याकडे पाठ केली. शर्टाची बाही पांढरी होती, आणि टबात सगळं पिवळंजर्द. मी चमचा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. रिकामा. त्याला काही लागलंही नव्हतं.

"आहे. बरोबर आहे."

"बघ हं नीट."

"अगं, बरोबर आहे, मावशी. मला उशीर होतोय."

"मग फळच कोरडं असेल," ती म्हणाली. आणि मसाल्याचं पातेलं ओढलं.

कार्डावर मी उभ्या उभ्या सही केली. पेनाला हळद लागू नये म्हणून टिश्यूने धरलं.

झालं. हेच ते. लिहून झाल्यावर किती लहान दिसतंय.

बार्बेक्यूला काय झालं असेल, असं तुम्हाला वाटतं? काही नाही. मी कागदी प्लेट धरून एका कडेला उभी होते. मिशेल मला सगळ्यांसमोर "धिस इज शेली" म्हणाली, माझं नाव शाल्मली आहे, मी हसून "हाय" म्हटलं. लोक डेक किती फुटांचा, गवत कधी लावायचं, यावर बोलत होते. कुणीतरी विचारलं, वीकेंडला काय करतेस? मी म्हटलं, नथिंग मच. साडेपाचला बस होती. त्या पूर्ण वेळात माझ्या हाताचा वास कळेल इतकं जवळ कुणी आलंच नाही.

चौथ्या दिवशी दादा रजा काढून बरण्या हॅमिल्टनला देऊन आला. आठ दिवस मुरू द्यायला वेळ नव्हता, लोणचं दुकानातच मुरणार होतं. देवापुढची वाटी मावशीने पहिल्या टबातून काढून ठेवली होती. ते उत्तम झालं होतं.

तीन आठवड्यांनी फोन आला. मीच घेतला. ग्लेनिस आधी हसत होती — "डार्लिंग, युअर जार्स आर पॉपिंग!" — आणि मग हसत नव्हती. झाकणं फुगली होती. तेल शेल्फवरून खाली गळत होतं. आत पांढरी बुरशी. एका गिऱ्हाईक बाईने बाटली उघडली तेव्हा आतलं तेल तिच्या अंगावर उडालं. दुकानाने काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवलं, त्यांना कळवावंच लागतं. काउन्सिलने सांगितलं, कारण सापडेपर्यंत काम बंद.

दादाने सगळ्या बरण्या परत आणल्या, जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि कार्डं काढली. खराब झालेली प्रत्येक बरणी दुसऱ्या टबातली होती. "मीठ?" त्याने विचारलं. मी कार्डाकडे बोट दाखवलं. तिथे माझी सही होती. बुरशी आलेलं लोणचं कोण चाखून बघणार? कुणी बघितलं नाही. मावशी नुसती बरण्यांकडे बघत होती. मग तिने खालच्या आवाजात मला विचारलं, दादाला ऐकू जाऊ नये असं, "त्या दिवशी तुझी... पाळी नव्हती ना गं?"

इथे मी जे केलं ते त्या चमच्यापेक्षा वाईट आहे.

मी उठून उभी राहिले. मी, जी कधी आवाज चढवत नाही. मी म्हटलं, हे असलं मी ऐकून घेणार नाही. हे कुठलं शतक आहे? तुझी ही अंधश्रद्धा इथे आणू नकोस. विटाळाने लोणचं नासत नाही, जंतूंमुळे नासतं. दादा म्हणाला, मावशी, खरंच, असं बोलू नये. मावशीचा चेहरा एवढासा झाला. "नाही गं, मी आपलं... चुकले," ती म्हणाली.

मी म्हणत होते त्यातला शब्दन्‌शब्द बरोबर होता. आजही मी तेच म्हणेन. आणि तरी तो सगळा राग खोटा होता. मला तेवढ्यात एक कळलं: शिकलेल्या मुलीच्या संतापाआड पुष्कळ काही लपवता येतं. कुणी तिकडे बघत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं — सुख म्हणू का? हो, थोडं सुखच वाटलं. आणि त्या भरात मी पुढचं बोलले.

"मावशीने दुसऱ्या टबाच्या बरण्या बाहेर उन्हात वाळत घातल्या होत्या."

हे खरं होतं. दादाने ओव्हनमध्ये वाळवायला सांगितलं होतं आणि तिचा ओव्हनवर विश्वास नव्हता. हॉलच्या मागच्या हिरवळीवर तिने धुतलेलं धोतर अंथरून त्यावर बरण्या उपड्या मांडल्या होत्या, नाशिकला मांडते तशा. पण ऑकलंडच्या मेमध्ये ऊन कुठलं? भुरभुर आली तेव्हा तिने आणि मेरेने धावत जाऊन त्या आत आणल्या आणि मग गुपचूप ओव्हनमध्ये ठेवल्या. मी हेही पाहिलं होतं. त्याच शनिवारी सकाळचीच गोष्ट. मी फक्त अर्ध्यावर थांबले. उरलेलं अर्धं मावशीने सांगावं, असं मला वाटत होतं का? तिने सांगितलं असतं तर मी "हो" म्हटलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. माहीत नाही. तिने सांगितलं नाही.

"मावशी, मी तुला ओव्हनचं बजावलं होतं ना?" दादा म्हणाला. तो ओरडला नाही. तो नुसता थकलेला होता.

"हो रे," ती म्हणाली. "ओल राहिली असेल एखादीत. माझंच."

काउन्सिलला पत्र गेलं. इंग्रजी माझं चांगलं, म्हणून ते मीच टाइप केलं. त्यात असं होतं की बरण्या नीट कोरड्या न झाल्यामुळे दोष निर्माण झाला आणि संबंधित कर्मचारी यापुढे उत्पादनात भाग घेणार नाही. संबंधित कर्मचारी. डिरेक्टरचं नाव न घेता किती सफाईने लिहिलं होतं मी. दादाने वाचून माझी पाठ थोपटली.

काउन्सिलने परवानगी परत दिली. पण करणार कोण? मावशीने हात मागे घेतले होते. दादा म्हणाला, पत्राचं मी बघतो, आता ओव्हनमध्ये वाळव, मी आहे, तू कर. ती म्हणाली, नको रे, अंगावर उडालं त्या बाईच्या. डोळ्यांत गेलं असतं तर? घरच्या आमटीलाही ती मला विचारायला लागली, मीठ पुरे का. एकदा नाही, दोनदा, तीनदा. आमटीत मीठ बरोबर असायचं. माझ्या "आहे" वर तिचा विश्वास होता. स्वतःच्या हातावर राहिला नव्हता.

ग्लेनिसने ऑर्डर रद्द केली. परवाना वाढवायला कंपनीने लिहून द्यायचं होतं की हे काम या बाईवाचून होत नाही. आणि आम्ही तर नेमकं उलटं लिहून दिलं होतं. जुलैत ती गेली. विमानतळावर मेरे आली होती, जॅंडल्स घालूनच, थंडीत. तिने मावशीच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं, त्यांच्यात करतात तसं, आणि दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग मेरेने माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत असणं शक्य नाही. पण बरण्या कुणी आत आणल्या ते तिला माहीत होतं, आणि मावशी का चाललीय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. भाषांतर मीच करायचे ना?

कंपनी त्याच वर्षी एका फॉर्मवर बंद झाली. दादा पुढे परीक्षा पास झाला. आता हॅमिल्टनमध्येच हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, बरं चाललंय त्याचं. माझं प्रमोशन झालं. मिशेल नोकरी सोडून गेली, तिचं आडनावही मला आता नक्की आठवत नाही.

मधल्या काळात सांगता आलं नसतं का? आलं असतं. किती वेळा. दर दिवाळीला फोन होतो. ती विचारते, बरी आहेस ना, जेवतेस ना वेळेवर? मी म्हणते, हो. ती फोन लवकर ठेवते, दिराच्या घरचा फोन असतो. मी कधीकधी स्वतःला पटवायला बघते की चूक तिच्या नियमाची होती. तिनेच जीभ लावली असती तर? देवाने काय केलं असतं तिला? पण तिने तिचा नियम लपवला नव्हता. तिने त्याच्यासाठी माणूस नेमला होता. तो माणूस मी होते.

गेल्या डिसेंबरात मी नाशिकला गेले. मावशीच्या पुतणीचा साखरपुडा होता. सकाळी घरच्या बायका पोहे खात बसल्या होत्या, मी मावशीच्या शेजारी. कुणीतरी माझं परदेशचं कौतुक काढलं, आणि मावशी एकदम हसून म्हणाली,

"मी पण होते बरं का तिथे! डिरेक्टर होते! भाच्याची कंपनी बुडवून आले."

सगळ्या हसल्या. तिने पूर्ण गोष्ट सांगितली. हॅमिल्टन, फुगलेली झाकणं, त्या गिऱ्हाइकाच्या अंगावर उडालेलं तेल — हातवारे करून, रंगवून. ही गोष्ट तिने आधी पुष्कळदा सांगितली असणार, बायकांना कुठे हसायचं ते माहीत होतं. शेवटी तिने उजवा हात पुढे करून उलटासुलटा करून दाखवला. "हात गेला माझा. वय झालं. मला कळलंच नाही." तिच्या जावेने विचारलं, मग भाचा रागावला असेल ना? आणि दुसरी कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणाली, "काय गं, खरं का हे? हिने बुडवली तुमची कंपनी?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मावशीसुद्धा. हसतच होती, पण हात तसाच पुढे राहिला होता.

मी म्हटलं, "जाऊ दे ना, मावशी. किती वर्षं झाली."

"बघा," ती जाऊ म्हणाली, "किती गुणाची पोर. एका शब्दाने बोलून दाखवत नाही."

मावशीने तो हात माझ्या पाठीवर ठेवला. तिला मी तिची लाज राखली असं वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यांत माझ्याबद्दल कृतज्ञता होती. मी तो हात पाठीवर राहू दिला आणि बशीतले पोहे संपवले.